पुणे–सॅन फ्रान्सिस्को: अंतर चोख, वेळ मात्र अंदाजपंचे

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को असं टाइप केलं की हवाई अंतर सांगणाऱ्या साइट्स क्षणात दोन आकडे समोर ठेवतात: साधारण १३,५४० किलोमीटर आणि सोळा-सतरा तास. पहिला आकडा डोळे झाकून घ्या. दुसऱ्याच्या भरवशावर मात्र रजा, पुढची गाडी किंवा आईबाबांच्या गोळ्यांच्या वेळा ठरवू नका. पुण्याच्या विमानतळावरून, म्हणजे लोहगावहून, सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानच नाही, त्यामुळे तो सोळा तासांचा प्रवास कुणीही केलेला नाही. तरी साइट तो मिनिटांसकट सांगते.

पल्ला मुद्दाम हाच घेतला. बाणेर-औंध-कोथरूडमधल्या निम्म्या घरांचं एक टोक तिकडे असतं, आणि अशा साइट्सचे गुण-दोष लांबच्या पल्ल्यावरच उघडे पडतात. पुणे–गोव्यात कुठलीही साइट पास होते.

आधी अंतर. हे आकडे कुठून येतात ते एकदा हाताने करून बघितलं की साइटवर विश्वास बसतो. लोहगाव १८.५८२ उत्तर, ७३.९२० पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६१९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज होते: १९६.२९५ अंश. ती १८० च्या वर गेली म्हणजे दुसऱ्या बाजूने रस्ता जवळचा, म्हणून ३६० मधून वजा करा: १६३.७०५. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.१९४५. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार ०.७५०८, त्याला १६३.७०५ च्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९५९८ ने गुणलं की उणे ०.७२०६. दोन्हींची बेरीज उणे ०.५२६१. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन १२१.७४ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर. गुणा, १३,५३७ किलोमीटर. अकरावी-बारावीचं गणित, यापलीकडे त्यात काही नाही.

चुकतं ते चिन्हात. पश्चिम रेखांशाला उणे लावायचं राहिलं तर फरक ४८.४५५ अंशच येतो आणि अंतर निघतं ५,१३५ किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्को उचलून चीनच्या शांडोंग किनाऱ्यापाशी, पिवळ्या समुद्रात नेऊन ठेवल्यासारखं. एक्सेलमध्ये करणाऱ्यांची दुसरी ठरलेली चूक म्हणजे अंशांचं रेडियन करायला विसरणं. तिथे उत्तर इतकं भलतं येतं की निदान लगेच कळतं तरी.

दोन साइट्समध्ये दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर त्यात कुणाची लबाडी नाही. वरचा हिशेब पृथ्वी चेंडूसारखी गोल धरून, ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने केलेला आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. चांगल्या साइट्स हा चपटेपणा धरतात. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को गोल धरून १२,३८१ येतं, चपटं धरून सुमारे १२,३७०. तिकीट काढणाऱ्याला याने काडीचाही फरक पडत नाही. मैलांनी मात्र पडतो. पुणे–सॅन फ्रान्सिस्कोचं अंतर साध्या मैलांत ८,४११ आणि सागरी मैलांत ७,३०९ होतं. वैमानिक सागरी मैल बोलतात, कार्डाचे पॉइंट बहुधा साध्या मैलांत असतात. साइटवर नुसतं 'मैल' लिहिलेलं असेल तर किलोमीटर निवडून पडताळा घ्या. अकराशेचा फरक थोडाथोडका नाही.

विमानतळाच्या तीन अक्षरी कोडची खबरदारी हवीच. शहराचं नाव टाकल्यावर जी साइट स्वतःच्या मनाने विमानतळ निवडते, तिच्यावर नजर ठेवा. पुण्याचा कोड पीएनक्यू. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या सॅन होजेचा एसजेसी. एसजेओ टाकलंत तर कोस्टारिकाला पोचाल. सिडनीचं प्रकरण तर प्रसिद्धच आहे: एसवायडी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं, वायक्यूवाय म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातलं. आता नवी मुंबईचा एनएमआयही आला आहे, त्यामुळे 'मुंबई' टाकल्यावर बीओएम धरलाय की एनएमआय हेही बघावं लागतं. किलोमीटरमध्ये तो फरक नगण्य, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना मात्र नाही.

वापरण्याजोग्या साइट्समध्ये ग्रेट सर्कल मॅपरला तोड नाही. दिसायला जुनाट, चकाचक काहीही नाही, पण काम नेमकं. चौकटीत इंग्रजी अक्षरांत पीएनक्यू, मध्ये आडवी रेघ, मग एसएफओ असं लिहायचं. स्वल्पविराम देऊन दुसरा मार्ग लिहिला, उदाहरणार्थ पीएनक्यू-डीईएल-एसएफओ, की दोन्ही एकाच नकाशावर येतात. खाली तक्त्यात प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि निघतानाची दिशा मिळते.

आणि इथेच पुणेकरांसाठी एक गंमत सापडते. पुणे–दिल्ली सुमारे १,१५५ किलोमीटर, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३७०. बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून बघा. फरक जवळजवळ शून्य. लोहगावहून निघणारी सर्वांत जवळची रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे १५ अंशांनी कललेली आहे आणि ती दिल्ली विमानतळाच्या दहा-बारा किलोमीटर अंतरावरून जाते. म्हणजे 'दिल्लीला जाऊन उलटं फिरायचं कशाला' हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न भूगोलाच्या दृष्टीने निकालात निघतो. दिल्ली वाटेवरच आहे.

सपाट नकाशावर अमेरिका डावीकडे दिसते, म्हणून विमान मुंबईवरून, अरबी समुद्रावरून जाईल असं वाटतं. खरी दिशा हवी असेल तर लोहगावात उभं राहून संगमनेरकडे तोंड करा. त्याच रेषेत पुढे दिल्ली, लडाखची बाजू, शिंजियांग, सायबेरिया, ७५ अंश उत्तरेच्याही वरचा आर्क्टिक समुद्र, मग अलास्का आणि खाली कॅलिफोर्निया. इंटरनेट नसेल तर घरातला ग्लोब आणि शिवणाचा दोरा घ्या. तीस सेंटिमीटर व्यासाच्या ग्लोबवर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणलेला दोरा ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि तो आर्क्टिकवरून जाताना डोळ्यांनी दिसतो.

अंतरासाठी या साइट्सना पाचपैकी साडेचार. वेळेसाठी दीड, तोही दया दाखवून.

वेळ कशी काढतात? अंतराला एका ठरलेल्या वेगाने भागायचं आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास वाढवायचा. एवढंच. ताशी ८०० धरणारी साइट पुणे–सॅन फ्रान्सिस्कोला १७ तास २५ मिनिटं सांगेल, ८५० वाली १६ तास २५, ९०० वाली १५ तास ३२. तीनही ठिकाणी अंतर तेच. जवळपास दोन तासांची तफावत निव्वळ गृहीत वेगाची आहे, आणि तो वेग कुठेतरी खाली बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. आडाखा म्हणून ९०० चुकीचा नाही. लांब पल्ल्याची बोइंग ७७७ किंवा ७८७ सारखी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पटीने उडतात, आणि त्या उंचीवरच्या थंड हवेत हे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतं. फक्त हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही. आणि ती हवा स्वतःच पळत असते.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. पाठीशी ताशी शंभर किलोमीटरचा वारा असेल तर नऊशेचे हजार होतात, समोरून आला तर आठशे. साइट्सना याची दखलच नसते. त्यांच्या लेखी पुणे–सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन फ्रान्सिस्को–पुणे एकच.

यावरचा सर्वांत बोलका दाखला एअर इंडियाचाच आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. कंपनीने तेव्हा जाहीर केलेला आकडा १५,३०० किलोमीटर, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ मात्र साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. कारण सगळी वाट वारा पाठीशी. ९०० ने भागणाऱ्या साइटला हे १५,३०० किलोमीटर दिले असते तर तिने साडेसतरा तास सांगितले असते.

जवळच्या रेषेवरून न उडण्याची दुसरी कारणं जमिनीवरची आहेत. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर. केबिनमधला दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे तर जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुधा पंधरा मिनिटांच्या आसपास पुरतो. म्हणून कंपन्या शक्यतो ते पठार टाळतात. मग राजकारण. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा पडू लागला. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वाटा आणि वेळा वेगळ्या. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या मगदानला उतरलं, तेव्हा ही वाट कुठून जाते ते बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं.

मग खरी वेळ कुठे बघायची? फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका. मागच्या आठवड्याभराची उड्डाणं फुकटात दिसतात: ठरलेली वेळ, खरी निघालेली वेळ, उतरलेली वेळ, हवेत किती तास. त्यातलं सर्वांत लांबलेलं एक उड्डाण सोडून द्या आणि त्याच्या खालचं धरा. सरासरी धरू नका, सरासरी धरणारा निम्म्या वेळा फसतो. फ्लाइटअवेअर आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवतं: थेट अंतर आणि त्या दिवशी आखलेलं अंतर शेजारी शेजारी. दोहोंतला फरक सातत्याने हजार किलोमीटरच्या वर दिसत असेल तर वळसा पडतोय हे समजून जा.

या ठिकाणी बरेच जण गल्लत करतात. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते. त्यात दिल्लीत धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं आणि पलीकडे गेटवर लागणं धरलेलं असतं, वर थोडी सोयीची मिनिटंही. फ्लाइटरडारवरचे तास चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचे. म्हणून तिकिटावर सोळा तास आणि तिथे सव्वापंधरा दिसले तर दोन्ही खरे. गणन करणाऱ्या साइट्सचा आकडा या दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

लोहगावातून थेट का नाही, हेही या साइट्सवर कळत नाही. विमानतळ हवाई दलाचा, धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर, उंची समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट. साडेतेरा हजार किलोमीटरचं इंधन भरलेल्या विमानाला तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते, आणि उंचावरच्या तापलेल्या हवेत त्याहून जास्त. एप्रिल-मेमधल्या दुपारी इथून असं विमान उठणं अवघडच. जुलै २०२४ पासून वापरात आलेलं नवं टर्मिनल देखणं आहे, पण टर्मिनलने धावपट्टी लांबत नाही.

म्हणून पुणेकराचा खरा हिशेब असा. बाणेरहून लोहगाव एक तास, संध्याकाळी विमाननगरच्या बाजूला अडकलात तर दीड. मेट्रो रामवाडीपर्यंतच, पुढे रिक्षा. विमानाआधी दोन तास. दिल्ली सव्वादोन तास. दिल्लीत चार तास. पुढचा टप्पा सोळा. इमिग्रेशन आणि बॅगा दीड. बेरीज पावणेसत्तावीस तास. साइटने सांगितलेले सोळा तास पंचवीस मिनिटं यात कुठे आहेत ते शोधत बसा.

दिल्लीतले चार तास जास्त वाटतात, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याने पुणे–दिल्ली विमान कधी उठेल याचा नेम नसतो. इतर महिन्यांत तीन पुरतात, तेही दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर. तसं असलं तर पुण्यातच बॅगेला शेवटच्या मुक्कामाचा टॅग लागतो आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण मग दिल्लीत बॅग घ्या, परत द्या, आणि विमान चुकलं तर नवं तिकीट स्वतःच्या खिशातून. पुण्याचं विमान दिल्लीत टर्मिनल एकला, म्हणजे टी-वनला उतरतंय की टी-थ्रीला हेही बघा. टी-वनहून टी-थ्रीला रस्त्याने जावं लागतं. अमेरिकेत आणखी एक बदल असेल, म्हणजे न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅग उचलून कस्टममधून नेऊन परत द्यावी लागते, टॅग कितीही पुढचा असो. कागदावर दीड तासाचा बदल 'चालतो' असं तिकिटाच्या साइट्स दाखवतात. दाखवू देत.

मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी घाटासकट रस्त्याचे चार तास धरावेत. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचाच असला तरी बाणेर ते मुंबईचा सहार विमानतळ दीडशेच्या घरात जातं, आणि खंडाळ्यात एक ट्रक आडवा झाला की सगळं गणित घाटात.

वळशांची तुलना ग्रेट सर्कल मॅपरवर पाच मिनिटांत होते आणि करण्यासारखी आहे. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४०, म्हणजे पंधरा हजारांना थोडं कमी. फ्रँकफर्टमार्गे पावणेसोळा हजारांच्या आसपास. पुणे–सिंगापूर ३,८०० आणि पुढे सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,६०० धरलं तर १७,४००. सिंगापूर सर्वांत लांब दिसतं, पण पुढचा टप्पा पूर्वेकडे असल्यामुळे वारा पाठीशी मिळतो, म्हणून वेळेत ते किलोमीटरइतकं मार खात नाही. येताना तोच वारा वसूल करतो. नुसत्या किलोमीटरवरून सिंगापूर बाद करू नका, आणि जातानाचा वेळ बघून परतीचा ठरवू नका.

उन्हाळ्यात सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारं विमान असेल तर तिथल्या धुक्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. तिथल्या जोडीच्या दोन धावपट्ट्यांमध्ये फक्त ७५० फुटांचं अंतर आहे. ढग खाली आले की शेजारीशेजारी उतरवणं बंद होतं आणि विमानं एकामागे एक रांगेत लागतात.

राहिली घड्याळाची बाब. स्थानिक वेळ सांगणाऱ्या साइट्सपैकी जी तारीखच विचारत नाही, ती लगेच बंद करा. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. हिवाळ्यात दिल्लीहून मंगळवारी सकाळी दहाला निघालेलं सोळा तासांचं विमान तिकडे मंगळवारीच दुपारी साडेबाराला टेकतं. परतीला मंगळवारी रात्री नऊला निघालात तर दिल्लीत गुरुवारी पहाटे अडीचला उतरता. बुधवार गेला कुठे, हे विचारायला कुणी नसतं, पण दिल्ली–पुणे विमान बुधवारचं काढून ठेवलेलं असतं. परतीचा पुढचा टप्पा वेगळ्या तिकिटावर काढताना साइटच्या 'दुसऱ्या दिवशी' या शब्दावर जाऊ नका. निघण्याच्या वेळेत हिवाळ्यात सोळा आणि साडेतेरा, म्हणजे साडेएकोणतीस तास मिळवा (उन्हाळ्यात एक तास कमी), आणि निघालेली तारीख समोर ठेवून वार बोटांवर मोजा.